वाढलेली शिल्लक

गेल्या मार्चअखेर वसईतल्या आमच्या कॅथॉलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) गरीब निधीची शिल्लक आदल्या वर्षापेक्षा बरीच वाढली. वार्षिक सभेत खजिनदारांनी आकडा वाचला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँकेतून निवृत्त झाल्यापासून या निधीच्या वह्या लिहायला मी मदत करते, त्यामुळे तो आकडा सभेच्या आधीच मला ठाऊक होता. तो का वाढला हेही ठाऊक होतं. देणग्या वाढल्या नव्हत्या. दिलेली मदत घटली होती. वर्षानुवर्षं घरोघर जाणाऱ्या सभासदांपैकी एकांचे गुडघे गेले, एक बाई मुलीकडे राहायला गेल्या, एक काका वारले. त्यांच्या वाट्याची घरं दुसऱ्या कोणी घेतली नाहीत. जिथं कोणी गेलं नाही, तिथली अडचण कोणाला कळली नाही. ती नावं बैठकीत आलीच नाहीत, आणि जे नाव बैठकीत येत नाही त्याच्यासाठी चेक फाटत नाही. आमचा निधी श्रीमंत झाला तो असा.

संस्थेची आर्थिक तब्येत म्हणजे शिल्लक, हे समीकरण आपल्या डोक्यात फार घट्ट बसलेलं आहे. घराचा हिशेब आपण तसाच करतो, दुकानाचाही तसाच, आणि तिथं ते बरोबरही आहे. पण ज्या निधीचं कामच देणं आहे, त्याच्या बाबतीत हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. शिल्लक वाढली म्हणजे कोणीतरी उदार झालं असेल, किंवा कोणीतरी उपाशी राहिलं असेल. ताळेबंदात दोन्ही सारखंच दिसतं.

वसईतल्या वाचकांना बावखल सांगायला नको. इतरांसाठी सांगते: आमच्या वाड्यांमधली ही गोड्या पाण्याची तळी. पावसात भरायची, जमिनीत मुरायची, आणि वर्षभर त्यांचं पाणी बागायतीला जायचं. ज्या बावखलातलं पाणी उपसलं जायचं ते स्वच्छ राहायचं. ज्याला कोणी हात लावला नाही त्यावर शेवाळ धरलं, आणि मग एक दिवस भराव टाकून तिथं इमारत उभी करणं सोपं झालं. न वापरलेल्या निधीचंही असंच होतं. पडून असलेल्या पैशाकडे पाहून कोणाला तरी सभागृहाच्या फरशा आठवतात.

आमचं काम सोसायटी ऑफ सेंट व्हिन्सेंट द पॉलच्या पद्धतीवर बेतलेलं आहे. ती सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापकांतला फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. धर्मावर वाद घालणाऱ्या या मुलांना लोकांनी विचारलं, बोलता एवढं, करता काय? तेव्हा ती मुलं गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रेंदू यांच्याकडे गेली, आणि गरिबाच्या घरी कसं जायचं, कसं बसायचं, काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे त्यांच्याकडून शिकली. १८६३ साली ही सोसायटी मुंबईत आली. तिच्या रीतीत दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे मदत घरी जाऊन द्यायची, आणि शक्यतो दोघांनी मिळून जायचं. दुसरी म्हणजे पैसा साठवून ठेवायचा नाही. बैठकीला जमलेले सभासद स्वतःही एका पिशवीत पैसे टाकतात. कोणी किती टाकले ते कोणाला दिसत नाही. म्हणजे जो देण्याचा निर्णय घेतो तो स्वतः दिल्याशिवाय उठत नाही.

साठवू नका, हा नियम मला पटतो आणि बँकेत आयुष्य गेल्यामुळे त्याची धास्तीही वाटते. कारण आमच्याकडे पैसा येतो एका ऋतूत आणि लागतो दुसऱ्याच. नाताळात लोकांचा हात सैल असतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्यागाची पाकिटं येतात. ऑक्टोबरात आगेऱ्याच्या सणाला, नव्या भाताची लोंबी वेदीवर आली की, थोडं आणखी जमतं. आणि लागतो कधी? जूनमध्ये. फी, वह्या, गणवेश, रेनकोट, गळकं छप्पर, बिगारी कामाला सुट्टी, अंगावर ताप, सगळं एकदम जूनमध्ये. नाताळात आलेलं सगळं ईस्टरपर्यंत वाटून टाकलं तर जूनमध्ये दारात आलेल्या आईला काय सांगायचं? म्हणून काही महिन्यांच्या मदतीएवढी रक्कम बाजूला हवीच. ती साठवण म्हणायची नाही, ती जूनची तयारी. पण जून सरल्यावर, जुलै सरल्यावरही ती रक्कम तशीच राहिली, मुदत ठेवीत गेली, आणि त्या ठेवीचं व्याज पुन्हा ठेवीत गेलं, तर मात्र तिला दुसरं नाव नाही.

गंमत म्हणजे इथं संतांचा नियम आणि आयकर खात्याचा नियम जवळजवळ एकच बोलतात. करमाफी हवी असेल तर धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के आपल्या हेतूसाठी खर्च करावेत, अशी अट आहे. नाही झाले, तर कशासाठी राखून ठेवतोय ते लिहून द्यायचं आणि ठरावीक मुदतीत खर्चायचं. आमच्या सनदी लेखापालांनी हे समजावलं तेव्हा एक ज्येष्ठ सभासद वैतागून म्हणाले, "आपण काटकसर केली तर सरकारचं काय जातं?" सरकारचं काही जात नाही. ज्याच्या नावाने पैसा मागितला त्याचं जातं. काटकसर स्वतःच्या पैशात करावी. दुसऱ्याच्या वाट्याच्या पैशात केली की तिला काटकसर म्हणता येत नाही.

ताळेबंदात आणखी एक गोष्ट दिसत नाही, आणि माझ्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. दिलेला शब्द.

एखाद्या मुलीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी दिली की त्या वर्षाच्या खर्चात एक रक्कम पडते आणि विषय मिटतो. खरं तर तेव्हा सुरू होतो. दुसऱ्या वर्षी आम्ही हात वर केले तर पहिल्या वर्षाचा पैसाही वाया आणि मुलगीही अर्ध्यात. डायलिसिसवरच्या माणसाचं तर आठवड्याचं गणित असतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसले तरी रिक्षा, बाहेरची औषधं, सोबत जाणाऱ्या बायकोचा बुडालेला रोज हे सगळं उरतंच. अशा माणसाला 'या महिन्यात देतो' म्हणणं म्हणजे 'पुढेही देतो' म्हणणं आहे, आपण तोंडाने म्हणालो नाही तरी. धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या तक्त्यात कर्जाला रकाना आहे, देणेकऱ्यांना आहे, ठेवींना आहे. या शब्दांना नाही. तो नसणार, कारण कायद्याने ते देणं नाहीच. म्हणून आम्ही एक वेगळी वही घातली आहे. कोणाला काय कबूल केलं, ते कधीपर्यंत चालेल, अंदाजे किती लागेल. शिल्लक आणि ही वही शेजारी ठेवली की मगच कळतं की आपल्याकडे पैसे आहेत की नाहीत. पहिल्यांदा ती बेरीज केली तेव्हा सभेत ज्यासाठी टाळ्या पडल्या होत्या त्या रकमेतला मोठा भाग आधीच कोणाचा तरी होता. आणि तरीही बरंच उरत होतं, न भेटलेल्या घरांचं.

आता पैसा येतो कुठून, याकडे येते.

वसईत गेल्या तीसेक वर्षांत जमिनींना जे भाव आले, त्यांनी आमच्या दानाची रीतही बदलली. पूर्वी देणारे पुष्कळ होते आणि रकमा लहान होत्या. केळीचा घड, तांदळाची पायली, फुलांच्या पैशातले काही रुपये. आता मोजक्या घरांतून मोठे चेक येतात. त्यांच्याबद्दल मला तक्रार नाही. त्या पैशावर मुलं शिकली आहेत. पण निधीच्या निम्म्याहून अधिक रकमेचा भार दोन-चार घरांवर आला की निधीचं भवितव्य त्या घरांच्या भवितव्याशी बांधलं जातं. वाटण्या झाल्या, मुलं परदेशी गेली, एखाद्या फादरांशी रुसवा झाला, की एका वर्षात पाया सरकतो. म्हणून मी रकमेआधी पाकिटं मोजते. रक्कम तीच राहिली आणि पाकिटं कमी झाली, तर मला ती घसरण वाटते. पन्नास रुपयांची पाकिटं वाढली, तर मला दिलासा मिळतो, कारण पन्नास रुपये देणारा माणूस पुढच्या महिन्यातही देतो, आणि विचारतोसुद्धा की कुठे गेले.

विचारणारी माणसं हवीत, हे आमच्या पूर्वजांना चांगलं कळलं होतं. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी इथल्या शेतकऱ्यांसाठी जी कॅथॉलिक पतपेढी काढली, तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. सावकाराच्या तावडीतून लोक सुटावेत म्हणून एका धर्मगुरूने केलेलं ते काम दानाचं नव्हतं. तिथं प्रत्येक जण सभासद होता. दान आणि सभासदत्व यांतला फरक मला अलीकडे फार जाणवतो. आमच्या गरीब निधीला दाते आहेत. सभासद कमी पडतात.

या सगळ्याचा विचार करताना मला पंडिता रमाबाई आठवतात. विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन कोण्या चर्चची संस्था म्हणून सुरू झालं नव्हतं, पण पैशाच्या बाबतीत त्यांनी जे पाहिलं ते प्रत्येक चर्चच्या खजिनदाराने वाचावं असं आहे. १८८७ च्या डिसेंबरात अमेरिकेत, बॉस्टनला, रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. दहा वर्षं सदनाचा खर्च उचलायचा असं असोसिएशनने ठरवलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत सदन उघडलं, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. दहा वर्षांची हमी असलेली संस्था त्या काळात किती असतील? दुसरी कोणी असती तर आठ-नऊ वर्षं निश्चिंत राहिली असती. रमाबाईंनी मुदत संपायच्या पुष्कळ आधी स्वतःला विचारलं, अकराव्या वर्षी काय? त्यातून केडगावची जमीन घेतली गेली. तिथं फळबाग लावायची, विहिरी खणायच्या, आणि बागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा तो बेत होता. हिशेबी माणसाचा बेत.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली घेऊन आल्या. त्या मुलींचा खर्च बॉस्टनच्या हमीत बसत नव्हता, बागेचं उत्पन्न त्यांना पुरणारं नव्हतं. १९०० साली गुजरातच्या दुष्काळात आणखी शेकडो आल्या. केडगावचं मुक्ती मिशन वाढलं ते असं, आधी माणसं आणि मागून पैसा. विणकाम, छापखाना, शेती, गोठा असे उद्योग मुलींच्या हातात देऊन त्यांनी संस्थेला पायावर उभं केलं, आणि लहान-मोठी देणगी पाठवणाऱ्यांना कामाची खबर कळवत राहिल्या. मुक्ती मिशन आजही केडगावात आहे.

मी या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा जाते, कारण तिच्यात माझ्या दोन्ही ओढी एकत्र आहेत. अकराव्या वर्षाची चिंता करणारी रमाबाई मला जवळची वाटते. पण दुष्काळात, बागेला फळं येईपर्यंत थांबा, असं ती म्हणाली नाही. राखीव निधी कशासाठी राखायचा, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला कुठल्याही लेखापरीक्षणाच्या पुस्तकात मिळालं नाही.

एका रोगाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण तो सगळीकडे आहे आणि सगळे त्याला सौम्य नावाने हाक मारतात: तात्पुरती उचल. चर्चच्या छताचं काम अडलं, सणाच्या मंडपाचं बिल आलं, शाळेचं अनुदान रखडलं, की गरीब निधीतून 'तात्पुरते' घेतले जातात. घेणाऱ्याच्या मनात पाप नसतं. पैसे परत करायचेच असतात. पण छताला पावसाची तारीख असते, कंत्राटदाराचा फोन येत असतो. गरिबाचा फोन येत नाही. मी एका ठिकाणी अशी उचल तीन खजिनदारांच्या कारकिर्दीतून पुढे सरकत आलेली पाहिली. शेवटी ती कोणी, कधी, कशासाठी घेतली हे सांगणारं कोणी उरलं नाही आणि ठराव करून ती बुडीत टाकली. चर्चच्या स्वतःच्या कायद्यात याला जागा नाही. त्यातलं कॅनन (कलम) १२६७ सांगतं की ज्या हेतूसाठी अर्पण दिलं त्याच हेतूसाठी ते वापरलं पाहिजे, आणि कॅनन ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात फादरांना साहाय्य करणारी अर्थसमिती असलीच पाहिजे. त्या समितीत खुर्ची मिळाली म्हणजे मान मिळाला, एवढंच समजून बसणारे असतील तर कॅनन काही करू शकत नाही. गरीब निधीचं बँक खातंच वेगळं ठेवा, त्याच्या सह्या वेगळ्या ठेवा, हा उपाय साधा आहे आणि मी भेटेल त्याला सांगते.

हिशेब उघडा ठेवण्यावर आक्षेप येतो तो शुभवर्तमानाच्या आधाराने. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, मग आकडे भिंतीवर कशाला? मत्तयचा सहावा अध्याय मलाही प्रिय आहे. पण तिथं देणाऱ्याला सांगितलंय की तुझी दवंडी पिटू नकोस. वाटणाऱ्याला लपव असं कुठेही सांगितलेलं नाही. उलट प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा करिंथच्या मंडळीला दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात, तो लिहितो की या दानाच्या कारभारात कोणी आम्हाला दोष लावू नये म्हणून आम्ही जपतो. देवापुढे नीट आहे एवढं पुरत नाही, माणसांपुढेही नीट दिसलं पाहिजे. त्याने सोबत दुसरी माणसं घेतली. प्रत्यक्ष प्रेषिताला साक्षीदार लागत होते. बारा शिष्यांची थैली येशूला धरून देणाऱ्या यहूदाकडे होती, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे दानपेटी उघडताना दोन किल्ल्या, मोजताना निदान दोन माणसं, आणि मोजल्याबरोबर कागदावर सह्या, यात कोणावर अविश्वास दाखवला जात नाही. मोजणाऱ्यालाच संरक्षण मिळतं.

गुप्त ठेवायची ती मदत घेणाऱ्यांची नावं. ती कोणत्याही फलकावर, छायाचित्रात, नाताळच्या भाषणात येऊ नयेत. आमच्या भागात कोण कोणाच्या नात्यात आहे हे सगळ्यांना माहीत असतं. 'एक विधवा भगिनी' एवढं म्हटलं तरी लोक वळून बघतात. आकडा सांगा, माणूस सांगू नका.

कायद्याचं ओझं लहान संस्थेला जड जातं, हे मान्य. ३१ मार्चला वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, देणगीवरच्या आयकर सवलतीच्या (८०जी) पावत्यांसाठी देणाऱ्याचा पॅन, वर्षाअखेरीस देणग्यांचं विवरण. दोन हजारांवर रोख दिली तर देणाऱ्याला ८०जीची सवलत नाही, हे ऐकून जुने लोक नाराज होतात. पण विश्वस्त वारल्यावर बदल अर्ज वर्षानुवर्षं न केल्यामुळे ज्या संस्था आज सहीसाठी अडून बसल्या आहेत, त्या पाहिल्या की हे कंटाळवाणे कागद मला काळजीचेच एक रूप वाटतात.

सगळ्यांत अवघड जातं ते परदेशातल्या मुलांना समजावणं. आमच्या घराघरातून कोणी ना कोणी बाहेर आहे, आणि त्यांना द्यायची मनापासून इच्छा असते. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेपर्यंत त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे देशातली देणगी समजले जातात. तोच मुलगा कॅनडाचा नागरिक झाला की त्याच पगारातले तेच पैसे परदेशी देणगी होतात. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने फरक पडत नाही. मग परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, एफसीआरएची, नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि त्यातला २० टक्क्यांहून अधिक भाग प्रशासनावर खर्चता येत नाही; पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. आमच्यासारख्या छोट्या निधीकडे ही नोंदणी नाही, आणि ती काढून सांभाळण्याइतकी माणसंही नाहीत. म्हणून आम्ही नाही म्हणतो.

मागच्या डिसेंबरात आमच्या गल्लीतला एक मुलगा टोरंटोहून आला. आता तिथलाच नागरिक. चेकबुक घेऊन माझ्याकडे आला, आणि मी त्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो खट्टू झाला. "मावशी, मग मी काही करूच शकत नाही का?" मी त्याला विचारलं, दुपारी मोकळा आहेस का? न भेटलेल्या घरांची यादी माझ्याकडे होतीच. एका जुन्या सभासदाबरोबर त्याला नालासोपाऱ्याच्या चाळींकडे पाठवलं. त्यातली सगळी घरं ख्रिस्ती नव्हती. आमच्या निधीने ती अट कधी घातलेली नाही.

संध्याकाळी परत आला तो भांडायलाच. महिन्याच्या किराण्यासाठी आम्ही जी रक्कम देतो ती ऐकून तो चक्रावला होता. त्याने जाता जाता दुकानात तूरडाळीचा, तेलाचा भाव विचारला होता, खोलीचं भाडं विचारलं होतं, आणि कागदावर मांडून आणलं होतं. आमची रक्कम पंधरा दिवसही पुरत नव्हती. ती कित्येक वर्षांपूर्वी ठरली होती. त्यानंतर दरवर्षी अर्थसंकल्पात तोच आकडा पुढे उतरवला जात होता, आणि बैठकीत त्यावर चर्चा व्हावी असं कोणालाच वाटलं नव्हतं, कारण बैठकीला बसणारे बरेच जण त्या घरांत गेलेले नव्हते.

जानेवारीच्या बैठकीत तो कागद ठेवला. एकांनी आक्षेप घेतला की रक्कम वाढवली तर शिल्लक उतरेल. फादर म्हणाले, "उतरू दे." किराण्याची रक्कम दुप्पट करण्याचा ठराव झाला, शब्दांच्या वहीतली बेरीज नव्याने केली, आणि मार्चमध्ये मुदत संपणाऱ्या एका ठेवीचं नूतनीकरण न करता ती बचत खात्यात घ्यायचं ठरलं. घरभेटींसाठी नवीन चार जोड्या तयार झाल्या आहेत, त्यातल्या दोन कॉलेजच्या मुलांच्या. यादीतली तेवीस घरं अजून बाकी आहेत.